टेंभेकरकाकांचे गृहस्थ

टेंभेकरकाकांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याला चहा उशिरा मिळायचा. आधी हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, अंगठ्या काढून ठेवायच्या आणि जेवणाच्या खोलीतल्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचं. मग काका कपाटातून तळहातावर मावेल अशी काळपट चामड्याची पेटी आणायचे, तिची बारीक कडी सोडवायचे आणि पुस्तक उघडावं तशी ती उघडून समोर धरायचे. "ही हलवायची नाही. आपण हलायचं," एवढीच सूचना.

पेटीत काचेखाली पहिल्यांदा आपलाच चेहरा दिसायचा. पाहुणा गोंधळून काकूंकडे बघायचा. मान थोडी डावीकडे नेली की आपला चेहरा नाहीसा व्हायचा आणि तिथे एक तिशीतला माणूस दिसायला लागायचा. उंच कॉलर, कपाळावर आलेले केस, घट्ट मिटलेले ओठ, एक हात जाड पुस्तकावर. डोळे असे की आपण काही चुकीचं केलंय असं उगाचच वाटावं. काका समाधानाने म्हणायचे, "दिसले? हे आपले गृहस्थ."

फोटोग्राफी नुकती जन्माला आली होती तेव्हाचा तो फोटो. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ थर, आणि चित्र त्या चांदीच्याच अंगावर. कागद नाही, निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही. काकांचं म्हणणं असं की हे गृहस्थ म्हणजे पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये गाजलेले, गुलामगिरीच्या वादात देशभर नाव झालेले एक मोठे पुढारी, आणि हा त्यांचा सगळ्यात जुना फोटो, जो कुणालाच माहीत नाही. ते पुढारी कोण, हे मात्र ते पाहुण्याला सांगत नसत. "सिद्ध होईपर्यंत कुणाचंही नाव घ्यायचं नाही," म्हणायचे. त्यामुळे मीही इथे घेत नाही.

गृहस्थ मुळात आले काकूंमुळे. कुमुदकाकूंना एस्टेट सेलला जायचा नाद होता. कुणी म्हातारं माणूस गेलं की त्याच्या घरातल्या वस्तू दारात मांडून विकतात, तसल्या एका सेलमधून त्यांनी शिवणकामाचा डबा आणला. त्यात बटणं आणि लेस यांच्या खाली ही पेटी होती. काकू म्हणायच्या, "माझ्या डब्यातून निघाला आणि यांच्या डोक्यात जाऊन बसला. नऊ वर्षं झाली, माझ्याशी बोलायला यांना वेळ नाही." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि हळूच हसायचे.

मी लग्न होऊन नागपूरहून शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा सकाळी आठला जायचा आणि मी दिवसभर खिडकीतून पार्किंग लॉट बघायचे. गणपतीच्या कार्यक्रमात काकूंनी मला हेरलं आणि काकांनी मला गाडी शिकवायला घेतलं. रविवारी रिकाम्या असणाऱ्या एका कंपनीच्या लॉटमध्ये ते शेजारच्या सीटवर ताठ बसायचे. "घाबरायचं नाही आणि अंदाज करायचा नाही. बघायचं," हा त्यांचा मंत्र. मी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला तेव्हाही ते ओरडले नाहीत. "पाय कुठे आहे तो बघ," एवढंच म्हणाले.

काका धातूंचे इंजिनिअर. सांगलीहून शिकून आले आणि सगळी नोकरी इथल्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केली. तुटलेला भाग टेबलावर आला की तो का तुटला हे सांगायचं, हे त्यांचं काम. बेसमेंटमध्ये फळीवर असे तुटके दात आणि चिरलेले दांडे मांडून ठेवलेले होते, आणि प्रत्येकाची हकिकत त्यांना पाठ होती. "तुटलेला तुकडा खोटं बोलत नाही. त्याच्याभोवतीची माणसं बोलतात," असं ते म्हणायचे.

त्याचा प्रसाद मलाही मिळाला होता. लायसन्स मिळून महिना झाला नव्हता तेव्हा मी गाडीला पोचा आणला आणि दुकानाच्या लॉटमध्ये कुणीतरी ठोकून गेलं असं नवऱ्याला ठोकून दिलं. संध्याकाळी काका आले, गुडघ्यावर बसले, पोच्यावरून बोट फिरवलं. माझ्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाले, "पिवळा रंग लागलाय. पिवळ्या गाड्या कमी असतात गं. पिवळे खांब पुष्कळ." नवऱ्याला त्यांनी कधीच सांगितलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून वाटायला लागलं की या माणसापुढे काही लपून राहणार नाही. तरी एक गोष्ट लपून राहिली, ती पुढे सांगायचीच आहे.

गृहस्थांची चौकशी ते याच पद्धतीने करत होते. त्या पुढाऱ्याचे उतारवयातले जे फोटो पुस्तकांत छापलेले होते, ते मोठे करून त्यांवर कॅलिपर लावायचे. कानाची पाळी, भुवईतला खाच पडल्यासारखा भाग, दोन डोळ्यांतलं अंतर. अशा फोटोत डावं-उजवं उलटं येतं, म्हणून आरशात धरून पुन्हा मोजायचं. कोटाच्या बटणांवरून शिंप्यांची जुनी पुस्तकं शोधली. ग्रंथालयांना पत्रं लिहिली. मोठमोठ्या संग्रहालयांची सभ्य नकाराची उत्तरं आली, ती त्यांनी फाइलला लावली. मी एकदा म्हटलं, "काका, चेहरा तर अगदी तोच आहे. सरळ सांगून टाका ना." ते चिडले. त्यांना चिडलेलं मी दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. "माझ्या वाटण्यावर एखाद्याचं नाव ठरवू? तो माणूस काही बोलायला येणार नाही म्हणून?"

शेवटी एका संग्रहालयातल्या बाईंना त्यांच्या फाइलमध्ये तथ्य वाटलं. त्यांनी काकांना गणपतीच्या आदल्या मंगळवारी शिकागोला ती प्लेट, म्हणजे तो चांदीचा पत्रा, घेऊन बोलावलं आणि त्याआधी प्लेटच्या कोपऱ्यावर बनवणाऱ्याचा ठसा असेल तर त्याचा फोटो पाठवा असं कळवलं. ठसा चौकटीखाली दडलेला. म्हणून काकांनी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, प्लेट पेटीतून बाहेर काढली. कोपऱ्याचा फोटो काढला. जुनी काच खराब झाली होती, तर नवी कापून आणू म्हणून शनिवारी दुपारी ते दुकानात गेले. बेसमेंटमध्ये दमट होतं, म्हणून प्लेट जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून त्यांनी जेवणाच्या खोलीतल्या खणात ठेवली.

त्याच खणात काकूंची पूजेची चांदी असायची. तीही जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेली.

त्या दुपारी मी काकूंना मदत करायला गेले होते. गौरी पुढच्या आठवड्यात बसणार होत्या. काकू स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण परतत होत्या आणि मी म्हटलं, तुम्ही ते करा, मी चांदी घासते. आमच्या नागपूरच्या घरी चांदी रांगोळीने घासायचे. मी सकाळीच डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून रांगोळीचं पाकीट आणलेलं होतं, ते माझ्या पिशवीत होतं. काकूंना विचारायचंही सुचलं नाही. एकेक फडकं सोडत गेले. ताम्हण, निरांजनं, अत्तरदाणी. मग खेळायच्या पत्त्यापेक्षा जरा रुंद असा एक सपाट पत्रा निघाला. कडेने निळसर तपकिरी चढलेला, मध्ये धुरकट. मूर्तीखाली ठेवायचा पाट असेल असं मला वाटलं. गृहस्थांना मी शंभरदा पाहिलं होतं, पण कायम पेटीत, पितळी महिरपीत, काचेखाली. उघडे कधी पाहिले नव्हते. ओल्या फडक्यावर रांगोळी घेतली आणि गोल गोल घासलं. काळं लगेच सुटलं, म्हणून मला बरंच वाटलं.

खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं तेव्हा कडेला अर्धी कॉलर आणि पुस्तकावरची तीन बोटं दिसली. बाकी सगळीकडे मी होते.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "झालं का गं? वेलची पुरेशी आहे का बघायला ये जरा." मी पत्रा पुसला, त्याच फडक्यात गुंडाळला, खणात मागे सरकवला, आणि जाऊन सारणाची चव घेतली. छान झालंय म्हटलं. काका यायच्या आत घरी निघून आले. उद्या सांगू, असं मी स्वतःला सांगितलं.

उद्या काकांचाच फोन आला. "स्मिता, जरा येतेस?" आवाज नेहमीचा होता. गेले तर जेवणाच्या टेबलावर पत्रा ठेवलेला, काका भिंग घेऊन बसलेले आणि काकू समोर मांडीवर हात ठेवून. काका मला म्हणाले, "ही म्हणते तिने हात लावला नाही."

"मी नाही हो हात लावला," काकू म्हणाल्या. "मी सारण करत होते."

"स्मिता, तू चांदी घासलीस ना काल? हे तुझ्या हाती आलं होतं?"

इथे थांबून मी काहीतरी समर्थन लिहावं असं वाटतंय, पण ते नाही. माझ्या तोंडून वाक्य तयार असल्यासारखं आलं. "नाही काका. मी फक्त ताम्हण आणि निरांजनं घासली."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्या वर्षी त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. किल्ल्या फ्रीझरमध्ये सापडल्या होत्या, एकदा चहाचं भांडं जळून कोळसा झालं होतं. डॉक्टरांनी सुरुवात आहे, जपा, असं म्हटलं होतं. काकू स्वतःच्या आठवणीला हल्ली घाबरायच्या. दुसरं कुणी ठामपणे बोललं की आपलंच चुकलं असेल असं धरून चालायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी ते होताना पाहिलं. "मग मीच केलं असेल," त्या म्हणाल्या. "आठवत नाही मला. माझ्याच हातून झालं असेल."

भिंग मिटून काकांनी खिशात ठेवलं. मंगळवारी ते शिकागोला गेले नाहीत. फोटोचे स्कॅन होते, पण बाईंनी कळवलं की मूळ वस्तूशिवाय काहीच म्हणता येणार नाही, आणि काकांना ते पटलं. गृहस्थ कोण होते हे आता कधीच कळणार नव्हतं. त्याचं दुःख त्यांनी कुणाला दाखवलं नाही, फाइल बंद करून वर ठेवली. पण खरं नुकसान ते नव्हतंच.

त्यांची मुलगी मेघना टेक्सासमध्ये प्लेनोला असते. ती पुढच्याच आठवड्यात आली. "बाबा, धिस इज सीरियस. तिला माहीत होतं ते तुमच्यासाठी काय आहे, आणि तिने घासून टाकलं, अँड शी डझन्ट ईव्हन रिमेंबर. उद्या गॅस चालू ठेवेल. यू कान्ट डू धिस अलोन." काका अठ्ठ्याहत्तरचे होते. भांडं जळलं तेव्हा ते मुलीला ठाम नाही म्हणाले होते, किल्ल्यांच्या वेळीही. या वेळी नाही म्हणाले नाहीत. दिवाळीनंतर काकूंना मेमरी केअरमध्ये, विसरणाऱ्या माणसांच्या निवासात, ठेवलं. स्वच्छ जागा, हसतमुख नर्सेस, दाराला बाहेरून आकडे दाबून उघडायचं कुलूप.

काका रोज अकराला डबा घेऊन जायचे. वरण-भात, मऊ भाजी. तिथल्या उकडलेल्या गाजरांना काकू हात लावायच्या नाहीत. बुधवारी मी जायचे. काकू मला ओळखायच्या तोवर दर बुधवारी एकदा तरी हळूच विचारायच्या, "माझ्या हातून काहीतरी झालं होतं ना गं? म्हणून इथे ठेवलंय ना मला?"

"नाही हो काकू, तब्येतीसाठी आहात."

"नाही, काहीतरी झालंय. हे सांगत नाहीत. तुला माहीत असेल तर सांग, मी माफी मागते त्यांची."

दीड वर्ष मी हे ऐकलं आणि दीड वर्ष गप्प बसले. मग त्यांचं विचारणं थांबलं, कारण बोलणंच थांबलं. जानेवारीत न्यूमोनिया झाला आणि काकू गेल्या. बाहेर इतका बर्फ होता की शेवटच्या दर्शनाला जेमतेम बाराजण पोचले. तिथेही कुणीतरी काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "तो फोटो घासला तेव्हाच कळलं होतं आपल्याला, नाही का?" काकांनी मान हलवली.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी गेले. काका टेबलावर मटार सोलत होते. मी बसलेही नाही. उभ्याउभ्या सांगितलं की प्लेट मी घासली होती.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग विचारलं, "कशाने घासलीस?"

"रांगोळीने."

"ओली की कोरडी?"

"ओली."

ते उठले, खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. "कुमुद रांगोळी कधीच वापरायची नाही," ते म्हणाले. "ओरखडे पडतात म्हणायची. विभूती आणि कापूस. पन्नास वर्षं मी बघत होतो. आणि त्या दिवशी भिंगाखाली ओरखडे दिसत होते मला. गोल गोल, सगळीकडे. फडक्यावर पांढरे कण होते. सगळं समोर होतं."

"काका, मी खोटं बोलले. चूक माझी."

"तुझी आहेच." ते वळले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोसलं असतं. "पण एका मेलेल्या अनोळखी माणसाचं नाव घ्यायला मी नऊ वर्षं पुरावे गोळा केले. हिच्यासाठी मला एक दुपार पुरली. ती सांगत होती मी हात लावला नाही. मी तिचं ऐकलं नाही, तुझं ऐकलं. का, तर विसरते म्हणून." मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा ती बरी होती. तेव्हा तिला घरी ठेवायला हवं होतं."

मी रडत होते. त्यांनी मला पाणी दिलं. निघताना दारात म्हणाले, "मला सांगितलंस. आता बाकीच्यांना सांग. सगळ्या गावभर झालंय की कुमुदने घासलं. मी सांगितलं तर म्हातारा बायकोला पाठीशी घालतोय म्हणतील. तू सांग. मेघनाला पण."

मी हो म्हटलं.

नाही सांगितलं. एप्रिलमध्ये काकांनी विचारलं, "बोललीस का कुणाशी?" मी म्हटलं, योग्य वेळ बघतेय. जूनमध्ये पुन्हा विचारलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. माझ्याशी वागणं बदललं नाही त्यांचं. फोन उचलायचे, मुलांची चौकशी करायचे. फक्त मी गेले की समोरच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचे, आणि मी काहीतरी बोलायला लागले की पेपर उचलायचे. त्यांना मी चिडलेलं दुसऱ्यांदा पाहिलं ते हे.

ऑक्टोबरमध्ये काका गेले. हार्ट. इथल्या मराठी मंडळाने हॉल घेऊन शोकसभा ठेवली. मेघना बोलली, तिचं मराठी अडखळत होतं. "आईने ती प्लेट पुसून टाकली, त्यानंतर बाबा नेव्हर रिकव्हर्ड," ती म्हणाली आणि हॉलमधल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मग माइक माझ्याकडे आला. मी पाच मिनिटं बोलले. गाडी शिकवली ते सांगितलं, पिवळ्या खांबाची गोष्ट सांगितली, लोक डोळे पुसता पुसता हसले. कुणीतरी नंतर येऊन म्हणालं, किती छान बोललीस.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काकांवर लिही, असं मला सांगितलं गेलं, ते हे. आधी मेघनाला पाठवलं आहे. तिचं उत्तर आलेलं नाही, येईल असं वाटत नाही. अंक छापायला जाण्यापूर्वी संपादकांनी यातलं वाटेल ते कापावं, पुढचं मात्र कापू नये. त्या शनिवारी दुपारी प्लेट मी घासली. कुमुदकाकूंनी तिला हात लावला नव्हता. त्या पहिल्यांदा जे म्हणाल्या तेच खरं होतं, आणि त्या स्वयंपाकघरात सारण करत होत्या हे त्यांना नीट आठवत होतं.